लॅपटॉपचं वायफाय कार्ड बदललं आणि वायफायच गेलं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. लॅपटॉप २०१८ सालचा, प्रोसेसर आय-फाइव्ह ८२५०यू. घरी १५० एमबीपीएसचं फायबर घेतलंत. त्याच टेबलावर मोबाइलला १४० पर्यंत स्पीड मिळतो आणि लॅपटॉप तीसच्या पुढे जात नाही. मित्राने वायफाय कार्ड बदलायला सांगितलं. तुम्ही इंटेलचं एएक्स २०१ ऑनलाइन मागवलं, घरीच बसवलं, आणि वायफाय, ब्लूटूथ दोन्ही गायब झालं. घाबरून जुनं कार्ड परत लावलंत, तर आता राउटरच्या खोलीबाहेर रेंज येत नाही. कार्ड खराब आलं, की आपणच लॅपटॉप बिघडवला, असं तुम्ही विचारलंय.

मी कोल्हापुरात अठरा वर्षं लॅपटॉप दुरुस्तीच करतो. मशीन समोर नसताना छातीठोक सांगणं बरं नव्हे, पण तुम्ही जे बारकावे लिहिलेत त्यावरून मला तरी लॅपटॉप आणि कार्ड दोन्ही धडधाकट वाटतात. तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या अडचणी एकापाठोपाठ आल्या आणि त्या एकच वाटल्या. पहिली अडचण कार्ड निवडण्याची, दुसरी अँटेनाची वायर बसवण्याची. दोन्ही घरच्या घरी सुटण्यासारख्या आहेत.

त्याआधी, कार्ड बदलायचा सल्ला तरी योग्य होता का? माझ्याकडे स्लो वायफायची तक्रार घेऊन येणाऱ्या लॅपटॉपांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं कार्डात नसतंच. राउटर कपाटाच्या मागे असतो, नाहीतर मागे कुठलं तरी अपडेट चालू असतं. पण तुम्ही एक गोष्ट लिहिलीत आणि माझी शंका फिटली. राउटरची दोन नावं आहेत, मोबाइलला दोन्ही दिसतात आणि लॅपटॉपला शेवटी ‘५जी’ असलेलं नाव कधीच दिसलं नाही. हे ५जी म्हणजे मोबाइलचं फाइव्ह-जी नव्हे, पाच गिगाहर्ट्‌झचा बँड. तुमचं जुनं कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर आणि एकाच अँटेनावर चालणारं आहे. अशा कार्डाला नेहमीच्या वीस मेगाहर्ट्‌झच्या चॅनेलवर जास्तीत जास्त ७२ एमबीपीएसचा लिंक स्पीड, म्हणजे कार्ड आणि राउटर यांच्यातला कागदावरचा वेग, मिळतो, आणि लिंक स्पीडच्या साधारण निम्मा वेग प्रत्यक्ष हाती लागतो. म्हणजे तुमचे तीस-पस्तीस हा त्या कार्डाचा पूर्ण जोर आहे. त्यात २.४ वर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. अपार्टमेंटमध्ये वीस घरांचे राउटर त्या तीन चॅनेलांत दाटीवाटीने बोलत असतात, आणि तुमचा ब्लूटूथ हेडफोनही त्याच बँडवर. तेव्हा मित्राचं निदान बरोबर होतं. या लॅपटॉपला नवं कार्ड हवंच.

आता एएक्स २०१ का दिसलं नाही ते. ‘२०० पेक्षा २०१ नवं असेल’ म्हणून तुम्ही ते घेतलंत. नंबर बघून कोणालाही तसंच वाटेल आणि विकणारेही पानावर नीट लिहीत नाहीत. पण इंटेलच्या या जोड्यांमध्ये शेवटच्या आकड्याचा अर्थ वेगळाच आहे. एएक्स २०० हे पूर्ण कार्ड आहे. वायफायचं सगळं काम ते स्वतः करतं आणि लॅपटॉपशी पीसीआय एक्सप्रेस या नेहमीच्या जोडणीवरून बोलतं. एएक्स २०१ मध्ये फक्त रेडिओचा भाग असतो. उरलेलं अर्धं वायफाय प्रोसेसरच्या बाजूच्या चिपसेटमध्ये असावं लागतं. या पद्धतीला सीएनव्हीआय म्हणतात. ज्या लॅपटॉपात ती सोय नाही तिथे २०१ लावणं म्हणजे जात्याची वरचीच तळी घरी आणणं. वस्तू अस्सल आहे, पण एकटीने पीठ पडणार नाही.

आणि यातली खरी फसवी गोष्ट अशी की कार्ड आकाराने सारखंच असतं. दोन्ही २२ बाय ३० मिलिमीटरची, ज्याला एम डॉट टू २२३० म्हणतात. खाचाही स्लॉटमध्ये जुळतात. स्क्रू बसतो, वायर बसतात, काही जळत नाही, लॅपटॉप नीट चालू होतो. फक्त विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या भागांच्या यादीत, कार्डाचं नावनिशाण नसतं. तुम्ही लिहिलंत की पिवळं चिन्हसुद्धा आलं नाही. ते वाचूनच मला अंदाज आला होता.

तुम्ही असंही वाचलंत की आठव्या पिढीपासून सीएनव्हीआय आहे. त्यात अर्धं तथ्य आहे. आठव्या पिढीच्या नावाखाली इंटेलने वेगवेगळे प्रोसेसर विकले. ८२५०यू हा प्रत्यक्षात सातव्या पिढीच्याच बांधणीचा, त्याच्या चिपसेटला सीएनव्हीआय नाही. नंतर आलेल्या ८२६५यू ला आहे, पण तिथेही जुन्या पद्धतीचं ९५६० हे कार्ड चालतं. एएक्स २०१ ला किमान दहावी पिढी लागते. एएक्स २११ साठी त्याहून नवं मशीन लागतं, साधारण बाराव्या पिढीपासूनचं. म्हणून मी गिऱ्हाइकाला पिढी विचारत नाही, प्रोसेसरचा पूर्ण नंबर विचारतो.

मग घ्यायचं कोणतं? तुमच्या मशीनला पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड. ९२६०, एएक्स २००, एएक्स २१० ही इंटेलची त्या जातीची. त्यांची सीएनव्हीआय भावंडं म्हणजे ९५६०, २०१, २११. ही सहा नावं कागदावर लिहून ठेवा, पुढे कोणालाही उपयोगी पडतील. आणखी एक सोपी खूण आहे. लॅपटॉपसोबत कंपनीतून आलेलं कार्ड तुमच्यासारखं इंटेलशिवाय दुसऱ्या कोणाचं असेल, तर त्या स्लॉटला पीसीआय एक्सप्रेस आहे असं समजायला हरकत नाही, कारण सीएनव्हीआय फक्त इंटेलचं आहे. एएमडी प्रोसेसरवाल्यांनीही हेच लक्षात ठेवावं. त्यांना २०१ आणि २११ कधीच चालणार नाहीत.

२०० आणि २१० मध्ये मी तुम्हाला २१० सुचवेन, किमतीत फार फरक नसेल तर. पण २१० ला मिळणाऱ्या ६ गिगाहर्ट्‌झच्या मोहाने घेऊ नका. तो बँड वापरायला तसा राउटर लागतो, विंडोज ११ लागतं, आणि तुमच्या १५० च्या प्लॅनला त्याची गरजही नाही. खरं सांगायचं तर इंटेल ८२६५ हे वायफाय ५ चं, म्हणजे आधीच्या पिढीच्या वायफायचं, जुनं कार्डसुद्धा तुमचं काम आरामात करेल (नंबर सारखा असला तरी वरच्या ८२६५यू प्रोसेसरशी त्याचा संबंध नाही). दोन अँटेना आणि ५ गिगाहर्ट्‌झवर त्याचा लिंक स्पीड ८६७ पर्यंत जातो. दुरुस्तीच्या दुकानात बंद पडलेल्या लॅपटॉपमधून काढलेली अशी कार्डं स्वस्तात मिळतात आणि मी ती निःशंकपणे लावतो. बॉक्सवरचे पाच हजारांचे आकडे ही सगळ्या बँडांची केलेली बेरीज असते, एका वेळी तेवढा वेग कधीच मिळत नाही.

आता तुमची दुसरी अडचण, आणि माझ्या मते जास्त नाजूक. जुनं कार्ड पूर्वी सगळ्या घरात चालत होतं, आता एकाच खोलीत. कार्ड तेच, राउटर तोच. बदलली ती एकच गोष्ट, तुम्ही काढून परत लावलेली अँटेनाची वायर. ती कार्डावर टेकली आहे, बसलेली नाही. अँटेना न जोडताही कार्ड दोन-तीन मीटरवरचा राउटर पकडतं, त्यामुळे वायफाय चालू दिसतं आणि माणूस वेगळ्याच दिशेने शोधत राहतो.

हा जोड कसा असतो ते नीट समजून घ्या. वायरच्या टोकाला मोहरीच्या दाण्याएवढी धातूची गोल टोपी असते. कार्डावर तेवढीच एक कडी आणि कडीच्या मधोमध केसासारखी पिन. लहान बाळाच्या झबल्याला टिचबटण असतं ना, अगदी तसा हा जोड आहे. टिचबटण तिरकं ठेवून कितीही दाबलं तरी लागत नाही, सरळ ठेवलं की हलक्या दाबाने लागतं. इथेही तसंच. टोपी चिमट्याने कडीवर आणायची, मग चिमटा बाजूला ठेवायचा. डोळा टेबलाच्या पातळीला आणून बाजूने बघायचं. टोपी सपाट दिसली की बोटाच्या टोकाने सरळ खाली दाबायची. बसताना बोटाला बारीकसा ‘टक्’ जाणवतो. कानाला ऐकू येईलच असं नाही, बोटाला मात्र कळतो. बसल्यावर टोपी गोल फिरते पण वर उचलली जात नाही. टक् न होता टोपी गुळगुळीत घसरली तर ती अजून कडीच्या काठावर आहे. तिथे जोर लावला की कडी चेपते किंवा मधली पिन वाकते, आणि मग नुकसान होतं.

काढताना वायर धरून ओढायची नाही. टोपीच्या बुडाशी प्लॅस्टिकची पट्टी किंवा नख घालून सरळ वर उचलायची. हे जोड मुळात साधारण तीस वेळा काढ-घाल करण्यासाठीच बनवलेले असतात, म्हणून उगाच पुन्हा पुन्हा काढून बघू नका. तुमच्या टोप्या भिंगाखाली एकदा पाहा, मोबाइलचा कॅमेरा झूम केला तरी चालेल. गोल असतील तर सगळं ठीक आहे. लंबगोल झाल्या असतील तर पकड धरणार नाहीत.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला आणखी एक गोष्ट दिसली आणि ती आनंदाची आहे. काळी वायर कार्डाला लावलेली आहे आणि पांढरी वायर पारदर्शक नळीत घालून बाजूला चिकटवली आहे. म्हणजे कंपनीने स्क्रीनमध्ये दोन अँटेना दिल्या, कार्ड मात्र एका अँटेनाचं घातलं. नवीन कार्डाला दोन्ही वायर लागतील आणि तुमच्याकडे त्या तयार आहेत. ती नळी टोपीचा स्पर्श मदरबोर्डला होऊ नये म्हणून असते. ती अलगद काढा. बहुतेक लॅपटॉपांत पांढरी वायर मेनला, म्हणजे कार्डावरच्या मुख्य टोकाला, आणि काळी ऑक्सला, म्हणजे दुय्यम टोकाला जाते. कार्डावर १ आणि २ किंवा पांढरा आणि काळा त्रिकोण छापलेला असतो. चुकून उलट झाली तरी कार्ड बिघडत नाही, दोन्ही अँटेना जवळपास सारख्याच असतात. हे वाचणाऱ्या कोणाच्या लॅपटॉपात एकच वायर निघाली, तर ती मेनला लावा. दोन अँटेनांचं कार्ड एकीवरही चालतं. वायफाय ५ ला लिंक स्पीड ४३३ पर्यंत मिळतो, तो घरच्या प्लॅनला पुष्कळ होतो. ब्लूटूथ मात्र कुठल्या टोकावर चालतं हे कार्डागणिक बदलतं, त्यामुळे ते कमजोर वाटलं तर वायर दुसऱ्या टोकाला लावून पाहा.

मशीन खूप जुनं असेल, २०१३ च्या आसपासचं किंवा आधीचं, तर तिथे कार्डही मोठं असतं, मिनी पीसीआय एक्सप्रेस, आणि टोप्याही मोठ्या. त्या टोप्या आजच्या कार्डावर बसत नाहीत. कोणी दाबून बसवायचा प्रयत्न करू नये.

बसवण्याचं काम तुम्ही एकदा केलंच आहे, म्हणून सगळं सांगत बसत नाही. ज्यावर लोक घसरतात तेवढंच सांगतो. विंडोजमध्ये नुसतं शटडाउन केलं तर मशीन पुष्कळदा पूर्ण बंद होत नाही. शिफ्टची कळ दाबून धरून शटडाउन करा. चार्जर काढा. खालचं झाकण उघडलं की कार्डाला हात लावण्याआधी बॅटरीचा कनेक्टर काढा, मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा. हे मी रोज करतो आणि शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी हेच शिकवतो. लॅपटॉप बंद असला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डावर कुठे ना कुठे वीज असतेच. त्यात लोखंडी चिमटा निसटला तर कार्डापेक्षा कितीतरी महाग वस्तू जाते. तुम्ही लिहिलेल्या क्रमात बॅटरी काढल्याचा उल्लेख नव्हता, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

झाकणाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढा आणि ज्या कोपऱ्यातला स्क्रू तिथेच चिकटपट्टीने लावून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला की कीबोर्डाच्या बाजूला फुगवटा येतो. कार्डाचा स्क्रू काढला की कार्ड आपोआप तिरकं वर उचललं जातं. नवीन कार्ड त्याच तिरक्या कोनात पूर्ण आत सरकवा, सोनेरी पट्टी दिसेनाशी होईपर्यंत, मग खाली दाबून स्क्रू लावा. वायर आधी लावायच्या की कार्ड आधी, यावर दुकानादुकानात मतं वेगळी आहेत. मी कार्ड आधी पक्कं करतो. हलत्या कार्डावर टोपी सरळ बसत नाही.

ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा, इंटेलच्या साइटवरून, वायफायचा वेगळा आणि ब्लूटूथचा वेगळा. विंडोज १० ला एएक्स २१० पहिल्या फटक्यात ओळखू येईलच असं नाही, आणि वायफाय नसताना वायफायचा ड्रायव्हर उतरवायचा कुठून? अगदीच अडलात तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचं टेदरिंग चालू करा, लॅपटॉपला नेट मिळेल. या कार्डांना ६४ बिट विंडोज १० किंवा ११ लागतं. विंडोज ७ साठी इंटेलचा ड्रायव्हर नाही, त्यामुळे जुन्या विंडोजवर बसलेल्यांनी ८२६५ कडे वळावं.

पहिल्यांदा चालू केल्यावर डिव्हाइस मॅनेजर उघडा. कार्डाचं नाव पिवळ्या चिन्हासह दिसलं तर ड्रायव्हरचं काम बाकी आहे. वायफाय आलं आणि ब्लूटूथ नाही, तर आधी ब्लूटूथचा ड्रायव्हर घाला. तरीही आलं नाही तर कारण वेगळं असू शकतं: ब्लूटूथ या स्लॉटमधल्या यूएसबीच्या तारांवर चालतं, त्या तारा काही बोर्डांवर दिलेल्याच नसतात. नाव अजिबात नसेल तर कार्ड पूर्ण आत गेलं नाही, किंवा जात चुकली.

कार्ड न दिसण्याचं किंवा मशीनच अडून बसण्याचं आणखी एक कारण जुन्या लॅपटॉपांत असतं. काही कंपन्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, परवानगी असलेल्या कार्डांची यादी घालून ठेवत. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एका प्राध्यापकांचा लॅपटॉप आला होता. नवीन कार्ड लावलं की काळ्या पडद्यावर एकच ओळ यायची, परवानगी नसलेलं नेटवर्क कार्ड आहे, ते काढा. मी एकामागून एक तीन कार्डं बदलली, सगळी चांगली. संध्याकाळी कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल काढून त्यातल्या पार्ट नंबरचं कार्ड मागवलं, ते पहिल्या झटक्यात चाललं. तुमच्या २०१८ च्या मशीनला हा प्रश्न बहुधा येणार नाही. पण दहा-बारा वर्षं जुनं मशीन असेल तर खरेदीआधी त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघावंच.

हे सगळं करायची कोणाची तयारी नसेल, किंवा लॅपटॉप वॉरंटीत असेल, किंवा पातळ मॉडेलांत असतं तसं कार्ड बोर्डावरच सोल्डर केलेलं असेल, तर ५ गिगाहर्ट्‌झचा यूएसबी डोंगल घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही. मी स्वतः अनेकांना तोच देतो. फक्त घेताना ड्युअल बँड आहे ना ते बघा. नुसता २.४ चा डोंगल घेतला तर पैसे जातील आणि स्पीड आहे तिथेच राहील.

आलेलं एएक्स २०१ परत करा, पण कारणात ‘खराब’ लिहू नका, ‘माझ्या लॅपटॉपला जुळत नाही’ असं लिहा. चांगलं कार्ड कोणा दहाव्या पिढीवाल्याच्या कामी येईल. ते येताना ज्या चकचकीत करड्या पिशवीत आलं होतं तिच्यातच घालून पाठवा, ती स्थिर विजेपासून सांभाळते.

नवीन कार्ड येईपर्यंत आजच जुन्या कार्डाची काळी टोपी नीट बसवून घ्या, रेंज परत येते का बघा. ती आली तर अँटेना शाबूत आहे हे कळेल आणि नव्या कार्डाच्या वेळी एक शंका कमी होईल. नाही आली, तर लॅपटॉप चालू ठेवून स्क्रीन हळूहळू पुढे-मागे करा आणि रेंजच्या काड्यांकडे लक्ष ठेवा. या वायर बिजागरीतून वर स्क्रीनच्या कडेपर्यंत गेलेल्या असतात. सहा-सात वर्षं उघड-मीट झालेल्या मशीनमध्ये त्या तिथेच पिचतात. स्क्रीनच्या एखाद्या कोनात रेंज येते आणि दुसऱ्या कोनात जाते असं झालं तर मला कळवा. अँटेनाची वायर बदलायला स्क्रीन उघडावी लागते, आणि त्यासाठी मात्र मी तुम्हाला जवळच्या दुरुस्तीवाल्याकडेच जायला सांगेन.